चिमट्यातला प्ले

साखरप्याकडून आंबा घाट चढताना एका वळणावर गाडीचं मागचं चाक जागचं हललं. घसरलं नाही. घसरणं वेगळं, ते लगेच कळतं, पोटात गोळा येतो. हे त्याहून बारीक होतं. वळणात गाडी कलती केली, थ्रॉटल थोडं सोडलं, आणि मागं बसलेल्या माणसानं बूड जरा सरकवून घ्यावं तसं काहीतरी झालं. मागं कुणी बसलेलं नव्हतं.

गाडी राजदूत ३५०. आरसी बुकात राजदूत, तोंडात मात्र आरडी. यामाहाच्या आरडी ३५०चा हा भारतीय अवतार एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये आणला. ३४७ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. सुरुवातीच्या एचटीला ३०.५ बीएचपी, नंतर आलेल्या एलटीला २७. रस्त्यावरची बुलेट तेव्हा १८ बीएचपीवर राजासारखी फिरत होती, यावरून काय ते समजा. आमची एलटी. थोरल्या भावानं, दादानं, १९८६ साली घेतली. आईला ती कधीच आवडली नाही. पेट्रोलचा खर्च ऐकून ती तिला भाकड म्हैस म्हणायची. खाते दोघींचं आणि दूध थेंबभर नाही. दादाचे गुडघे गेल्यावर म्हैस माझ्या दावणीला आली.

घाटातून घरी आल्यावर मी सगळे करतात तेच केलं, टायरला दोष दिला. नवा टायर टाकला. फरक नाही. मग चाकाचे बेअरिंग बदलले, स्पोक आवळून घेतले, चाक आऊट आहे का पाहिलं, शॉकअपची रबरं बदलली. तीन महिने आणि साडेआठ हजार रुपये गेले. शेवटी एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि हसत बाहेर आला. "सर, चिमट्याचा बोल्ट ढिला हुता. आता बगा, दगड केलाय." गाडी खरंच दोन दिवस रुळावरून चालल्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी वाघबीळच्या वळणात मागचा तो माणूस परत सरकून बसला.

चिमटा म्हणजे पुस्तकातला स्विंग आर्म. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं तो. पुढच्या टोकाला तो चेसीशी बिजागरीसारखा जोडलेला असतो आणि खड्डा आला की चाकासकट वर-खाली होतो. आज जवळपास प्रत्येक गाडीला असतो म्हणून त्याचं काही वाटत नाही. पण दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बहुतेक गाड्यांचं मागचं चाक सरळ चेसीला आवळलेलं असायचं आणि सगळे हादरे सीटखालच्या दोन स्प्रिंगा आणि वर बसलेल्याचा मणका वाटून घ्यायचे. बुलेट १९४९ मध्ये चिमटा घेऊन आली तेव्हा ते नवलच होतं. पुढच्याच वर्षी नॉर्टनच्या रेसच्या गाड्यांना बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसची चिमट्याची फ्रेम मिळाली. चालवणाऱ्याला ती पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून तिचं नावच फेदरबेड पडलं. या गादीची सगळी मदार एका बोटभर बिजागरीवर असते, आणि ती ढिली झाली की गादीचा पाळणा होतो.

ढिलाई पाहायची एक रीत आहे, ती मला फार उशिरा कळली. गाडी मेन स्टँडवर लावायची आणि चाकाला हात लावायचा नाही. चाक हलवलं की बेअरिंगचा प्ले आणि चिमट्याचा प्ले एकमेकांत मिसळतात. चिमट्याची मागची टोकं धरून आडवं हलवायचं, आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढं, चिमटा जिथं चेसीला भेटतो त्या फटीवर बोट ठेवायला लावायचं. मी मुलीला बसवलं. मी हलवलं. ती म्हणाली, "बाबा, टक करतंय." पुन्हा हलवलं. "परत टक." बिजागरीपाशी अर्धा मिलिमीटर ढिलाई असली तर चाकापाशी ती दोन-अडीच मिलिमीटर होते, कारण चिमटा लांब आणि बिजागरी अरुंद. शंभराच्या वेगाला दोन मिलिमीटर पुष्कळ झाले.

मग बोल्ट आवळून दगड केला होता त्याचं काय? चिमटा बोल्टवर फिरतो अशी माझी इतकी वर्षं समजूत होती, त्या गॅरेजवाल्याचीही होती. तसं नसतं. चिमट्याच्या पुढच्या टोकाला आडवी नळी असते. तिच्या दोन्ही तोंडांत एकेक बुश ठोकलेला असतो. बुशांतून एक लोखंडी स्लीव्ह जाते आणि स्लीव्हच्या आतून तो लांब बोल्ट. बोल्ट आवळला की चेसीचे दोन कान स्लीव्हची दोन टोकं दाबून धरतात. म्हणजे बोल्ट आणि स्लीव्ह जागच्या जागी गच्च, आणि फिरतात ते स्लीव्हभोवतीचे बुश. बोल्ट कितीही आवळा, बुश आणि स्लीव्ह यांच्यामधली झिजलेली जागा तिळभरही कमी होणार नाही. आमच्या गाडीत बोल्ट बरेच दिवस ढिला राहिल्यामुळं स्लीव्हही कानांत फिरत होती आणि तिची टोकं घासून आखूड झाली होती. त्यामुळं आवळल्यावर चेसीचे कान चिमट्याला बाजूनं चेपायचे आणि प्ले गेल्याचा भास व्हायचा. हे आखूड होणं मला पुढं चांगलंच महागात पडलं.

काम घरीच काढायचं ठरवलं. चेन, चाक, शॉकअपचे खालचे बोल्ट हे अर्ध्या तासात सुटलं. चिमट्याच्या बोल्टचा नटही सुटला. बोल्ट मात्र हलेना. आतून गंज धरून तो स्लीव्हशी एकजीव झाला होता. डिझेल सोडून रात्रभर ठेवला. सकाळी नट परत आट्यांवर बोल्टच्या टोकाच्या पातळीत लावला, म्हणजे आटे चेपत नाहीत, आणि पितळी दांडा धरून हातोडी घातली. एक सूतसुद्धा नाही. शेजारचे काका वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत आले होते, ते आत गेले. पुन्हा डिझेल, पुन्हा रात्र. तिसऱ्या दिवशी मारण्याऐवजी बोल्टच्या डोक्याला पाना लावून फिरवून पाहिलं. कर्रर्र करून तो पाव आटा फिरला. तो आवाज ऐकून मला दहावीच्या निकालाएवढा आनंद झाला. फिरव, डिझेल घाल, उलटा फिरव, असं करत दुपारी तो बाहेर आला. मध्यभागी विटकरी रंगाचा, जिथं हात लावीन तिथं पापुद्रे सुटत होते.

चिमटा हातात आल्यावर धुवायला घेतला. नळीच्या मध्यावर एक छोटा उंचवटा होता, काळ्या रंगाच्या गुळगुळीत थराखाली गेलेला. बोट फिरवलं, नखानं खरवडलं. ग्रीसचं निप्पल होतं.

नऊ वर्षांपूर्वी मी गाडी पूर्ण उघडून चेसी आणि चिमटा पावडर कोटिंगला दिला होता. काय चकाकी आली होती म्हणून सांगू! रस्त्यात लोक थांबवून फोटो काढायचे. पण देताना चिमट्यातून ना निप्पल काढलं, ना बुश. पावडर कोटिंग भट्टीत भाजतात, १८० ते २०० अंशांवर. कंपनीचे बुश कडक प्लास्टिकसारख्या मटेरियलचे. ते बिचारे आतल्या जुन्या ग्रीससकट भट्टीत जाऊन आले. रंग निप्पलवर बसला आणि तोंड बंद झालं. पुढची नऊ वर्षं मी अधूनमधून ग्रीस गन लावली असती तरी ग्रीस आत गेलं नसतं. खरं सांगायचं तर लावलीही नाही. निप्पल आहे हेच मी विसरलो होतो. दादा विसरायचा नाही. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं आणि गाड्या पुजायच्या असत, तेव्हा तो सकाळी आधी गाडीखाली झोपून ग्रीस गन मारायचा. "हार नंतर, आधी ग्रीस," म्हणायचा. मी नऊ खंडेनवम्या झेंडूचे हार मात्र न चुकता घातले.

निप्पल पिळून काढलं. खालच्या भोकातून तार घालून जे बाहेर आलं ते काहिलीच्या तळाला करपून लागलेल्या गुळासारखं होतं, तसंच चिवट, रंगही तोच. बुश ठोकून काढायला गेलो तर तुकडे पडले. स्लीव्ह पुसून उजेडात धरली. वरून गुळगुळीत वाटली. नख आडवं फिरवलं तेव्हा डाव्या टोकाजवळ पायरी लागली. मायक्रोमीटरनं एका दिशेला माप घेतलं, नव्वद अंशांत फिरवून दुसऱ्या दिशेला घेतलं. पाव मिलिमीटरहून जास्त फरक. गोल स्लीव्ह अंडाकृती झाली होती, आणि तीही एकाच अंगाला, मागच्या. कारण समोरच होतं. चेन डावीकडं. प्रत्येक वेळी थ्रॉटल पिळलं की चेन चाकाला आणि चाक चिमट्याला पुढं ओढतं. डावा बुश पुढं ओढला जाऊन स्लीव्हला मागून घासतो. आमच्या घरातल्या माणसांनी चाळीस वर्षांत जेवढे म्हणून थ्रॉटल पिळले, त्या सगळ्यांची नोंद त्या पायरीत होती.

तयार बुश मिळतात, नाही असं नाही. पण कोल्हापुरात राहून बुश कुरिअरनं मागवायचा म्हणजे पन्हाळ्यावर राहून पाऊस विकत घेण्यासारखं. शिवाजी उद्यमनगर ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलेलं. अजून तिथं दहा बाय बाराच्या गाळ्यात एकेक लेथ आणि त्यापुढं एकेक विद्यापीठ असतं. माझ्या ओळखीचे एक टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी स्लीव्ह हातात घेतली, डोळ्याशी धरली, मापाला हातही न लावता म्हणाले, "डाव्या अंगाला खाल्लीय." मग तुटलेला बुश उलटापालटा केला. "ह्यो भाजलाय. कुणी भाजला?"

मी मान खाली घातली.

बुश फॉस्फर ब्राँझचे करायचे ठरले, स्लीव्ह नवी, कडक करून ग्राइंड केलेली. मामांचं एक म्हणणं मला फार पटलं. बुशचं आतलं माप ते लेथवर पूर्ण करत नाहीत, थोडं कमी ठेवतात. बुश नळीत दाबून बसवला की चारी बाजूंनी आवळला जातो आणि त्याचं भोक बारीक होतं. आधीच बरोबर माप केलं तर बसवल्यावर स्लीव्ह आत जात नाही. मग लोक बसवलेला बुश पॉलिश पेपरनं घासत बसतात आणि तो वाकडा होतो. म्हणून आधी दाबायचा, मग रीमर मारायचा, आणि तोही एकाच लांब रीमरनं दोन्ही बुशांतून आरपार, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात. एकेक बुश वेगळा रीम केला तर प्रत्येक भोक बरोबर असतं, पण दोन्ही मिळून चूक असतात. ग्रीससाठी बुशच्या आत त्यांनी गाळा पाडला, पण तो बाहेरच्या कडेपर्यंत नेला नाही. "कडंपातूर नेला तर ग्रीस गटारीगत वाहून जातंय," म्हणाले.

दाबायच्या आदल्या रात्री बुश आमच्या फ्रीजरमध्ये होते, प्लास्टिकच्या पिशवीत, मटाराच्या पाकिटाखाली. २५ मिलिमीटर व्यासाचा ब्राँझचा बुश ४५ अंशांनी थंड केला तर तो आकसतो जेमतेम दोन शतांश मिलिमीटर. एवढ्याशानं काय होणार असं वाटतं. पण घट्ट बसवायची सगळी गोष्टच चार-पाच शतांशांची असते, त्यात दोन म्हणजे अर्धं काम. सकाळी मी पिशवी बर्फासकट थर्मासमध्ये घालून उद्यमनगरात नेली. मामांनी चिमट्याची नळी गॅसवर हात लावता येणार नाही इतकी तापवली, बुश फडक्यात धरून तोंडाशी ठेवला आणि व्हाइसमध्ये दाबला. एकच सलग सूं असा आवाज झाला. ठोकाठोकी नाही, काही नाही. आदल्या आठवड्यातली माझी हातोडी आठवून लाज वाटली.

रीमर झाला, नवी स्लीव्ह तेल लावून आत सोडली. ती स्वतःच्या वजनानं, घाई न करता खाली गेली. मामांनी चहा सांगितला. मी घरी येऊन नव्या ओरिंगा, नळीच्या दोन्ही तोंडांवरच्या टोप्या, सगळं बसवलं आणि बोल्ट आवळला.

चिमटा हवेत तसाच राहिला. सोडला तरी खाली येईना. हातानं दाबावं तेव्हा खाली येई आणि दाबला तिथंच थांबे. नट अर्धा आटा सैल केला की मोकळा, आवळला की जाम. दोन वेळा उघडून लावलं, ओरिंग चिमटली का पाहिलं, टोप्या उलटसुलट केल्या. शेवटी रात्री साडेदहाला अंगणात बल्बखाली बसून स्लीव्हची लांबी मोजली, मग चिमट्याची टोप्यांसकट रुंदी. स्लीव्ह चिमट्यापेक्षा तीन दशांश मिलिमीटर आखूड होती.

असायला हवी थोडी लांब. एक-दोन दशांश जास्त, म्हणजे कान स्लीव्हवर टेकतात आणि चिमटा मधे मोकळा राहतो. इथं कान चिमट्यालाच दाबत होते. चूक मामांची नव्हती. लांबी किती ठेवायची असं त्यांनी विचारलं होतं आणि मी ऐटीत म्हणालो होतो, "जुन्या मापानंच करा, कंपनीचं माप आहे." कंपनीचं माप जुन्या स्लीव्हची टोकं घासली तेव्हाच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी चिमटाच घेऊन गेलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सारला.

"जुनं माप बिघडलं म्हणूनच आलाय न्हवं तुमी? मग परत त्येच माप कशाला देताय?"

ग्राइंडिंगसकट दुसरी स्लीव्ह, आणखी चार दिवस. पैसे त्यांनी फक्त मटेरियलचे घेतले. या खेपेला माप चिमट्यावरून घेतलं. बोल्ट पूर्ण आवळून चिमटा आडवा धरला आणि सोडला. म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तसा तो सावकाश, मधे कुठंही न अडखळता खाली गेला. आडवं हलवलं. मुलगी फटीवर बोट ठेवून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "काहीच करत नाहीये." चाक लावलं, चेनची रेष जुळवली, नवं निप्पल पिळलं.

घाटात गेलो. त्याच वळणाला त्याच वेगात गाडी कलती केली आणि थ्रॉटल सोडलं. काही झालं नाही. पुढच्याही वळणाला काही झालं नाही. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबून गडहिंग्लजला दादाला फोन लावला, सगळं रामायण सांगितलं, भट्टीपासून फ्रीजरपर्यंत. भट्टीचं ऐकून तो काही बोलला नाही. त्यानं एवढंच विचारलं,

"ग्रीस मारल्यावर दोन्हीकडनं बाहेर आलं का?"

उजवीकडून आलं होतं. डावीकडचं मी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन गाडी मेन स्टँडवर लावली आणि खाली झोपलो. उजव्या टोपीच्या कडेला पिवळट ग्रीसचं वेटोळं, डावीकडं कोरडं ठणठणीत. आता ग्रीसला उजवीकडची वाट सापडली होती, डावीकडं जायची त्याला गरज नव्हती. गन लावून चार दट्टे मारले, उजवीकडूनच आलं. मग उजव्या टोपीच्या फटीवर फडकं दाबून धरलं, मुलीला चाक उचलून खाली सोडायला लावलं, पुन्हा उचल, पुन्हा सोड, आणि मी एका हातानं गन मारत राहिलो. विसाव्या की बाविसाव्या दट्ट्याला डाव्या टोपीखालून, चेनच्या बाजूनं, शेवयाएवढा बारीक पिवळा धागा बाहेर आला.